परात आता खाली ठेवली आहे

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
24 जून

ती. आई आणि ती. बाबा यांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. घरी सगळे बरे आहेत. चिऊचा खोकला गेला, दादूची शाळा सुरू झाली. फोनवर हे सांगायला मी तीनदा बसलो. दर वेळी आई, तू "बरं बरं, जेवलास का?" म्हणून फोन बाबांकडे दिलास आणि बाबांनी "पाऊस किती आहे?" एवढं विचारून ठेवला. म्हणून लिहितोय. ताईला वाचून दाखवायला सांग, उगाच डोळे ताणत बसू नकोस.

आधी मुख्य गोष्ट. स्वयंपाकघरातला माळा काढला. नुसता रिकामा नाही केला, फळ्याच काढून टाकल्या. सुतार येऊन गेला, भिंतीतली भोकं बुजवून वर रंगाचा हातही झाला. तुम्हाला न विचारता केलं. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि तू नको म्हटल्यावर माझ्यानं ते झालं नसतं.

त्या दुपारचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनाही आज पहिल्यांदाच कळतंय. चटणीचा दिवस होता. डंकावर नंबर लावून आलो होतो, ब्याडगी आणि संकेश्वरी उन्हातून काढून झाली होती. तू दोनदा हाक मारलीस. "परात काढून दे रे वरची." मी सोप्यात फोनवर बोलत होतो. "आलो, पाच मिनिटं," म्हणालो. त्या पाच मिनिटांची वीस झाली असतील. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि मागोमाग परात पडली. ती फरशीवर गरगरत राहिली, थांबेचना. मी आत आलो तर तू मनगट पोटाशी धरून बसलेली, आणि पहिलं काय बोललीस तर, "मिरच्या कढईत आहेत, गॅस बारीक कर."

दवाखान्यात, ताईला फोनवर, आत्याला, सगळ्यांना तू हेच सांगितलंस की माझीच घाई झाली. माझं नाव एकदाही घेतलं नाहीस. आई, ते मला रोज रात्री आठवतं.

डॉक्टर काय म्हणाले ते तुझ्यासमोर नीट बोललो नव्हतो. या वयात एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडतं, तेव्हा हाडं ठिसूळ झाल्याची ती खूण असते. पुढच्या वेळी खुब्यावर बेतेल, म्हणजे ऑपरेशन आणि अंथरूण. ते मला नको. म्हणून माळा नको.

तुझं म्हणणं मला माहीत आहे. तू हौसेनं काही वर चढवलं नव्हतंस. 2005 ला पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलं, 2019 ला थांबलं नाही. त्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 55 फुटांच्या वर होतं आणि आपल्या जिन्याच्या पाचव्या पायरीला लाटा लागत होत्या. गाळ उपसून झाल्यावर तू म्हणाली होतीस, "आता खाली एक चमचा ठेवायची नाही." आणि खरंच, तेव्हापासून घरात येईल ती वस्तू वरच गेली. पाण्याची भीती खोटी नव्हती. पण पाणी येतं ते वर्षातले चार-सहा दिवस, तेही एखाद्या वर्षी, आणि तू त्या माळ्यावर रोज हात घालत होतीस. मी खूप विचार केला गं यावर. पाण्यासाठी वेगळी सोय केली आहे, खाली लिहितो.

माळ्यावरून काय काय निघालं! सहा पराती, अकरा तांबे, दोन पुरणयंत्रं, ज्याचं झाकण हरवलंय तो कुकर, आणि प्लास्टिकच्या पिशव्या भरलेली पिशवी. हिनं सगळं सोप्यात मांडलं तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्या घरात माणसांचा राबता, अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं माणूस मुक्कामाला आपल्याकडेच, त्यामुळं तू काहीच कधी कमी पडू दिलं नाहीस, हे त्या पसाऱ्याकडे बघताना कळत होतं. नाव घातलेलं एकही भांडं बाहेर गेलेलं नाही. मामांनी दिलेलं, आजीच्या माहेरचं, तुमच्या लग्नातलं, सगळं आहे. बिननावाची जादा भांडी मोडीत दिली. बंब दिला नाही. बुडाला भोक पडलंय तरी दिला नाही, वरच्या खोलीत खिडकीशी पुसून ठेवलाय. बाबा, तो कधी हलवायचा ते तुम्ही सांगाल तेव्हा.

कुठली वस्तू किती उंचीवर ठेवायची हे कसं ठरवलं ते सांगतो. ताईला म्हटलं होतं, आईला भिंतीशी उभी कर आणि डोळ्याची उंची मोजून सांग. ती म्हणाली चार फूट आठ इंच. मी टेप घेऊन माजघराच्या चौकटीशी गेलो, जिथं तू दर जूनला आम्हाला पाठ टेकवून उभं करायचीस आणि डोक्यावर पट्टी धरून पेन्सिल ओढायचीस. चार फूट आठ इंचावर आधीच रेघ होती. शेजारी तुझ्या अक्षरात "जून 1994". पुराच्या पाण्यानं खालच्या सगळ्या रेघा गेल्या, ही राहिली. मी अकरा वर्षांचा असताना जेवढा होतो, तेवढ्यावर आता तुझे डोळे येतात. टेप हातातच राहिला माझ्या.

स्वयंपाकघरात आता त्या रेघेच्या वर काही नाही. जड वस्तू कमरेच्या अंगाला, रोजचं हाताशी. चहा-साखर शेगडीच्या उजव्या हाताला होती तिथंच आहे, मिठाची बरणी हलवलेली नाही, पोळपाट कट्ट्याखाली उभा. तुला अंधारातही सापडेल. परात कट्ट्याच्या बाजूला जमिनीलगत खाच करून उभी ठेवली आहे, फारसं वाकावं लागत नाही, काठ धरून ओढली की आली. चटणी आत्यानं आणि हिनं मिळून पुरी केली. तुझ्या वहीतलं माप काढलं, लसूण जरा पुढं झाला असेल, सांभाळून घे. दोन्ही चिनी बरण्या भरल्या, मधे हिंगाचे खडे घातले, दादरा बांधला. रोजच्याला लहान बरणीत काढलंय. मोठ्या बरण्यांना तू हात लावायचा नाहीस, एकेक सहा किलोची आहे.

वर्षाचे गहू यंदा भरणार नाही. लक्ष्मीपुरीतून तीन महिन्यांचे आणले. मागच्या पावसाळ्यात कोठीच्या तळाला टोके पडले होते आणि तू कोठीत अर्धी आत वाकून ते उपसत होतीस, ते दृश्य मला परत बघायचं नाही. मोठी कोठी शेजारी गावाकडे नेतो म्हणाले, नेऊ दिली. एवढी एक गोष्ट तुला लागेल, मला माहीत आहे. पण आता गहू संपले तर आणता येतात गं, तो काळ गेला.

वाकळांचं मात्र सविस्तर लिहितो. सतरा निघाल्या. आठ ठेवल्या, नऊ दिल्या, त्यातल्या चार इतक्या विरल्या होत्या की पुसण्याला गेल्या. आजीनं शिवलेली ती ठेवली आहे, तुझ्या हिरव्या इरकलीच्या तुकड्याची, मधे माझ्या खाकी चड्डीचं ठिगळ असलेली. ते ठिगळ मी लहानपणी तापात बोटानं चाचपत झोपायचो, आणि तू माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवून बसायचीस. परवा हात लावून बघितला. टाका अजून शाबूत आहे. ती धुवायला कुणाला दिली नाही. घट बसायच्या आधी घाटावर मी आणि पोरं नेऊ. तू काठावर बसून सांग, पाण्यात उतरायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही.

आता बाबांची आणि तुझी खोली. तुमचा पलंग खाली सोप्याशेजारच्या खोलीत आणला. रागावू नका. जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, रात्री दोनदा उठावं लागतं, आणि मला वर पावलं वाजली की झोप येत नाही. खोलीत सकाळचं ऊन येतं. संडास चार पावलांवर, भिंतीला धरायला दांडी बसवली. देवघर तिथून दिसतं, आई, तू पडल्या पडल्या निरांजन बघू शकशील. बाबा, तुमची मुदगलांची जोडी दाराआड उभी आहे, तेल लावून. गंगावेशीत तालमीला जाणारी पोरं पहाटे तशीच आरडत जातात, त्यांचा आवाज खाली जास्त येईल, तुम्हाला तो आवडतो. दूध कट्ट्यावर किटली घेऊन जायचं तुमचं चालू ठेवा, फक्त पाऊस असला की चपला घालून नको, मागं पट्टा असलेले सँडल घेतलेत, तेच घाला.

पाण्याचं आता ऐका. घरातलं जे पाण्यात जाऊ नये ते वरच्या खोलीत आहे, कडीच्या लहान ट्रंकांत, दोघांना उचलता येईल एवढ्याच. घराचा उतारा, बँकेची पुस्तकं, तुमच्या पेन्शनचे कागद, जे 2019 ला आपण दोरीवर चिमटे लावून वाळवले होते, ते सगळे जाड पिशव्यांत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलेत आणि फोटोही काढून ठेवलेत. पेटीची किल्ली देवघरात. आणि पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की तुम्ही दोघं त्याच दिवशी आत्याकडे राजारामपुरीला जायचं. 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का म्हणून दारात उभं राहायचं नाही. बाबा, हे तुमच्यासाठी लिहितोय. मागच्या वेळी तुम्ही "बघू, बघू" म्हणत थांबलात आणि आईला नावेत बसावं लागलं.

आणखी एक, तेही बाबांनाच. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतायची नाही. गेल्या वर्षी गाळ धुताना तुम्ही दोन्ही टाकलं आणि नंतर तासभर खोकत होतात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत माणूस गुदमरतो. दोन बाटल्या आता दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. धुणंबिणं मी करतो, नाहीतर दादूला हाक मारा. डांबरगोळ्याही काढल्या, चिऊ गोळी समजून तोंडात घालेल. आई, तुझ्या इरकली सुती कापडात गुंडाळल्यात, खालच्या कप्प्यात, घड्या बदलून.

जुनी औषधं टाकली. आठवड्याची डबी आणली आहे, वारांची नावं मराठीत आहेत. बाबांची बीपीची गोळी सकाळच्या चहानंतर. विसरली तर नंतर एकदम दोन गोळ्या घेऊ नका. आई, डॉक्टरांनी सांगितलेला हाताचा व्यायाम इथं आल्यावरही सोडायचा नाही. कणीक मी मळतो. हसू नकोस, महिनाभर मळतोय, चिऊ म्हणते चपाती आजीसारखी फुगते.

दाजी रविवारी गाडीनं सोडतो म्हणालेत. लवकर निघा, कराडला थांबून चहा घ्या, आईला पाय मोकळे करू द्या. भाकरी-पिठलं करून ठेवतो.

एका डब्याला मी हात लावलेला नाही. माळ्याच्या अगदी कोपऱ्यात होता, पितळी, फडक्याला तीन गाठी मारलेल्या. ही म्हणाली उघडूया, मी नको म्हटलं. गाठ तुझ्या हातची आहे. तुझ्या पलंगाच्या उशाशी ठेवलाय.

उत्तर लिहायला बसू नकोस, मनगटाला ताण येईल. बाबांना सांग, दोन ओळी लिहितील. आणि आई, इथं आल्यावर काही हवं असलं की हाक मार. एकदाच मार.

तुमचा,
बाळू