एखादा डबा पुण्यात निघाला तर?

मा. माहिती व प्रसारण मंत्री, भारत सरकार यांस,
स.न.वि.वि.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाबाबत एक मागणं आहे. पण आधी थोडं बैरूतमध्ये हरवलेल्या पॅलेस्टिनी चित्रपटांच्या संग्रहाबद्दल.

१९६८ साली जॉर्डनच्या अम्मानमध्ये मुस्तफा अबू अली, सुलाफा जादल्लाह आणि हानी जवहरियेह यांनी पॅलेस्टिनी लढ्याचं चित्रण करणारं पॅलेस्टाइन फिल्म युनिट काढलं. पुढच्याच वर्षी इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर म्हणाल्या, पॅलेस्टिनी असे कुणी नव्हतेच. अबू अलींनी १९७४च्या माहितीपटाला नावच दिलं, ‘ते अस्तित्वातच नाहीत’. त्यात लेबनॉनमधल्या नबातियेच्या निर्वासित छावणीतली मुलगी एका लढवय्याला भेटवस्तूंसोबत चिठ्ठी धाडते. मग विमानं येतात, बाँब पडतात आणि मागे बाख या जर्मन संगीतकाराचं संगीत वाजत राहतं. रडवं संगीत असतं, तर चुकचुकून घरी गेलो असतो. बाखमुळे स्वतःच्या खुर्चीत अवघडायला होतं.

हानी १९७६ मध्ये लेबनॉनच्या डोंगरात चित्रण करतानाच मारले गेले. १९८२ मध्ये इस्रायली सैन्य बैरूतवर चालून आलं, त्या धामधुमीत या मंडळींचा तिथला संग्रहच नाहीसा झाला. लुटलेल्या चित्रफितींचा बराच ऐवज इस्रायली लष्कराच्या दप्तरात आहे, हे रोना सेला या इस्रायली संशोधिकेनंच उजेडात आणलं.

वाचलं ते इतरांकडे गेलेलं. जपानमधल्या कार्यकर्त्यांनी वीस रिळं जपून ठेवली होती. त्यांवरून पॅलेस्टिनी दिग्दर्शक मोहनद याकुबींनी २०२२ मध्ये चित्रपट केला.

आता आपलं बघा. पीएलओला, म्हणजे पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला, मान्यता देणारा अरब जगाबाहेरचा पहिला देश आपण, १९७४ मध्ये. पुढच्या वर्षी दिल्लीत त्यांची कचेरी उघडली. त्या दिवसांत एकही प्रत इकडे आली नसेल? संग्रहालयातले, जुन्या फिल्म्स डिव्हिजनमधले नोंद नसलेले, अरबी किंवा फ्रेंच चिठ्ठी चिकटवलेले फिल्मचे डबे कुणाकडून तरी तपासून घ्या. फार थांबू नका. झाकण काढताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, की फीत कुजायला लागलेली असते.

काही सापडलंच, तर डिजिटल प्रत पॅलेस्टिनींना द्या, आणि आम्हालाही दाखवा. हे शेवटचं मुद्दाम लिहितोय. डिसेंबर २०२५ मध्ये केरळच्या महोत्सवातल्या १९ चित्रपटांना सेन्सॉरमधून सूट देण्याचं तुमच्या खात्यात अडलं होतं. त्यांत पॅलेस्टिनी चित्रपटही होते. डबा सापडायचा आणि कागदापायी पुन्हा कपाटात जायचा, असं व्हायला नको.

कळावे,
आपला,
पुण्यातला एक प्रेक्षक