मानशीची दोरी कोणाच्या हातात? महसूलमंत्र्यांना खुले पत्र

माननीय महसूलमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

सप्रेम नमस्कार.

चवथ (गणेश चतुर्थी) होऊन गेली होती, भात निसवलं होतं आणि अमावास्येचं उधाण होतं. रात्री साडेअकराला शेजाऱ्याने दार वाजवलं. "पाणी आत शिरतंय," एवढंच म्हणाला. मी, माझा धाकटा भाऊ आणि तो, तिघे बॅटऱ्या घेऊन बांधावरून निघालो. वाटेत बांध कुठे फुटलाय ते शोधत होतो, कारण पहिला संशय बांधाचाच येतो. बांध शाबूत होता. बांधातल्या मानशीच्या दोन गाळ्यांपैकी एकाचं दार नायलॉनच्या दोरीने वर बांधून ठेवलं होतं आणि मांडवीचं खारं पाणी त्यातून खळाळत शेतात जात होतं. बॅटरीच्या उजेडात सुंगटांचे (कोळंबीचे) डोळे लाल चमकत होते. भावाने कोयत्याने दोरी कापली, दार पडलं, पण तोवर आमच्या कुंपणाच्या मेरेपर्यंत पाणी पोचलं होतं. आदल्या दुपारच्या भरतीलाही ते आलं असणार, तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं.

पुढे कापणीच्या दिवसांत कणसं ताठ उभी होती. दाणा भरलेलं कणीस असं उभं राहत नाही. हातात चुरडून पाहिलं तर नुसता कोंडा.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिसवाडी तालुक्यातलं आहे एवढं पुरे. नाव लिहिलं की चौकशी त्या एका दोरीची होईल आणि तिथेच संपेल. मला दोरीबद्दल तक्रार करायचीच नाही. दोरी बांधणाऱ्याने पावणीत, म्हणजे लिलावात, रोख पैसे मोजून मानस घेतली होती, तो पैसे वसूल करणारच. माझा प्रश्न आहे तो मानस त्याच्या हवाली करणाऱ्या व्यवस्थेबद्दल, आणि ती व्यवस्था तुमच्या खात्याखाली येते.

पत्र खुलं आहे, तेव्हा ज्यांनी मानस पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मानस म्हणजे बांधातलं दार. नदीच्या बाजूने, वरून टांगलेल्या लाकडी फळ्या. भरती आली की पाण्याच्याच रेट्याने त्या चौकटीवर घट्ट बसतात. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. वीज नको, मोटर नको. आत दाराजवळ खोलगट जागा असते तिला पोंय म्हणतात. उतरत्या पाण्याबरोबर मासळी तिथे जमते आणि दाराला लावलेल्या जाळ्यात सापडते. सुंगटं, शेवटे, काळुंद्री, नशीब असेल तर एखादा चोणक. म्हणजे एकाच दारातून भातही पिकायचं आणि मासळीही मिळायची. अट एकच, मासळी ओहोटीला धरायची. भरतीला दार उचललं तर जास्त मासळी आत येते, पण भाताबरोबर बांधही जातो, कारण त्या ओघाने मानशीच्या दोन्ही अंगांची माती खरवडली जाते.

आमच्या जमिनीचे तीन प्रकार आजी बोटांवर मोजून सांगायची: केर, मोरड आणि खाजन. केर रेताड, मोरड वरची, आणि खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची, नदीकडून हिसकावून घेतलेली. गोव्यात अशी खाजनं साधारण १८ हजार हेक्टर धरतात. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी गांवकारीने, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या सामाईक संस्थेने, ती उभी केली. १५२६ साली आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फोराल, म्हणजे सनद, लिहिला तो गावाला नवं काही देण्यासाठी नव्हे, गावात चालत आलेल्या रिती कागदावर उतरवण्यासाठी. पुढे गांवकारीची कोमुनिदाद झाली, आणि मुक्तीच्या जेमतेम आठ महिने आधी, १५ एप्रिल १९६१ रोजी काढलेली कोमुनिदादीची संहिता दुरुस्त्यांसकट आजही आमच्यावर चालते.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणी तरी म्हणेल की हा जुन्या भाटकारशाहीचे (जमीनदारीचे) गोडवे गातोय. माझा आजोबा गांवकार नव्हता, कूळ होता. जोण, म्हणजे कोमुनिदादीच्या उत्पन्नातला वाटा, मिळायची ती गांवकारांच्या मुलग्यांना; आमच्या घरात तो शब्द फक्त ऐकून माहीत. मे महिन्यात बांध घालायला आजी गुडघाभर चिखलात उभी राहून टोपल्या द्यायची, आणि त्या बांधावर तिचा काडीचा हक्क नव्हता. १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ ची पाचवी दुरुस्ती आली, कसणारा मालक झाला, आणि आमचं नाव जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर चढलं. तो उतारा आजोबाने देव्हाऱ्याच्या खणात ठेवला होता. त्या कायद्याविरुद्ध माझ्या तोंडून शब्द निघणार नाही.

पण शेत वाटता आलं, बांध कसा वाटणार? कोमुनिदाद होती तेव्हा बांधाची राखण करायला माणूस असे, खेकड्याचं भोक दिसलं की त्याच दिवशी पेंढा आणि चिकणमाती घालून बुजवलं जाई, हयगय केली तर दंड होई. मानशीचं उत्पन्न कोमुनिदादीच्या पेटीत जाई आणि बांधाचा खर्च त्याच पेटीतून निघे. जमीन कुळांकडे जाऊ लागली तशी ही जोडी तुटली. १९७५ साली कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम झाले आणि गावोगाव टेनंट असोसिएशन आल्या, मामलेदारांच्या देखरेखीखाली. कागदावर सगळं नीट आहे: मानशीची पावणी संघटनेने करायची, आलेल्या पैशांतून बांध सांभाळायचा.

तुम्ही आमच्या संघटनेच्या एका वार्षिक सभेला येऊन बसायला हवं होतं. यादीत नावं आहेत बापजाद्यांच्या कुळवाटीने आलेली. त्यातले काही आखातात, काही लंडनला, काही इथेच पर्वरीत तुमच्या सचिवालयाच्या आसपास फ्लॅटमध्ये राहतात. शेत करणारे आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विषय पावणीचा निघाला की जो जास्त बोली लावेल त्याला मानस, हे पाच मिनिटांत ठरतं. जो शेत करत नाही त्याला भाताशी काय देणंघेणं? त्याच्या वाट्याला येते ती मासळीच्या पैशातली हिस्सेवारी. त्याच्या जागी मी असतो तर मीही हात वर केला असता, हे मला खरं खरं वाटतं. त्या सभेत मी म्हणालो, दार भरतीला उघडायचं नाही ही अट करारात घाला. उत्तर आलं, "अशी अट घातली तर बोली कोण लावणार?" आणि सगळे हसले. मीही थोडा हसलो, काय करणार.

त्यानंतरचा क्रम आता सगळ्यांना पाठ आहे. दोन वर्षं खारं पाणी आत आलं की भात येत नाही. भात येत नाही म्हणून शेजारी शेत सोडतो. सोडलेल्या शेतात पाणी साचून राहतं, मग ते मासळीचं तळं होतं. पाणी हटलं की तिवराची (खारफुटीची) रोपं उगवतात. रोपांची झाडं झाली की ती तोडायला परवानगी लागते, आणि शेवटी कोणी तरी नकाशा हातात घेऊन येतो आणि विचारतो, इथे शेती होती कुठे? जमिनीचा झोन बदलण्यासाठी वापरलेली नगरनियोजन कायद्यातली १७(२) आणि ३९अ हल्ली आमच्याकडे शाळेतली पोरंही बोलतात, इतकी ती कलमं घराघरांत पोचली आहेत.

भातशेती बिगरशेतकऱ्याला विकता येऊ नये म्हणून तुमच्या सरकारने २०२३ साली कायदा केला. चांगला केला. पण भातशेती विकली जाते ती शेवटी. तिच्या आधी ती बुडवली जाते, आणि बुडवणं थांबवणारं त्या कायद्यात काही नाही. किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी खास तरतूद आहे. खाजनात विकासकामं नकोत आणि त्यांचा व्यवस्थापन आराखडा करावा, असं तिथे लिहिलं आहे. आमच्या खाजनाचा असा आराखडा मी पंचायतीत कधी पाहिला नाही. असेल तर पाठवा, मी स्वतः झेरॉक्स काढून वाड्यावर वाटीन.

तिवराबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं. बांधाच्या बाहेर, नदीच्या बाजूला उभं असलेलं तिवर आमचं रक्षणच करतं. मांडवीतून खनिजाचे बार्ज दिवसरात्र जायचे तेव्हा त्यांच्या लाटा बांधावर आपटायच्या, आणि जिथे तिवर होतं तिथला बांध टिकला हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तेच झाड बांधाच्या माथ्यावर रुजलं तर त्याची मुळं बांध फोडतात. वीतभर रोप असताना ते दोन बोटांत उपटून येतं. तीन वर्षांपूर्वी आमच्या बांधावर अशी रोपं दिसली तेव्हा मी रीतसर अर्ज केला, कारण वाड्यावर कोणी तरी घाबरवलं होतं की न विचारता उपटलं तर केस होते. एका कार्यालयाने सांगितलं, झाडाचा विषय आमचा, बांधाचा नाही. दुसऱ्याने सांगितलं, बांधाची दुरुस्ती आम्ही करू, पण झाडं आधी काढून द्या. तिसऱ्याने विचारलं, बांध कोणाच्या नावावर आहे? याचं उत्तर मला देता आलं नाही, आणि गंमत म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं. रोपं आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत.

तर माझी मागणी. नवं मंडळ नको, समिती नको, बांधाला काँक्रीटची भिंत तर नकोच. काँक्रीटच्या बांधाला तडा गेला तर ठेकेदाराची वाट बघावी लागते; मातीच्या बांधातलं भोक माझी आई बुजवते. बांधासाठी पैसे द्यायचेच असतील तर चिकणमाती, जांभा दगड आणि माणसांची मजुरी एवढ्यासाठी द्या, आणि मे महिना उलटून गेल्यावर नव्हे, शिगम्याच्या आधी द्या.

खरं काम पावणीत आहे. त्या वर्षी ज्याने त्या खाजनात प्रत्यक्ष भात लावलं, त्यालाच त्या वर्षीच्या मानशीच्या अटी ठरवण्याचा अधिकार असावा. बाकीच्यांचा पैशातला हिस्सा राहू द्या, मला त्यांच्या ताटातलं काढायचं नाही. दाराच्या फळ्यांचा ताबा पेरणीपासून कापणीपर्यंत कसणाऱ्यांकडे असावा, पावणी घेणाऱ्याने जाळं ओहोटीला लावावं. पावणीच्या रकमेतला अमुक वाटा कापणी होईपर्यंत मामलेदारांकडे अनामत राहावा. पीक बुडालं तर त्यातून भरपाई, नाही बुडालं तर परत. आणि बांधावरचं वीतभर रोप काढायला परवानगी लागत असेल तर ती देणारं एकच टेबल असावं, जिथे पावसाआधी उत्तर मिळेल. १९७५ चे नियम तुमच्याच खात्याचे आहेत. यातल्या बहुतेक गोष्टींना नियमांत थोडी दुरुस्ती पुरेल असं मला वाटतं. चुकत असेन तर तुमच्या कायदा विभागाने खोडून काढावं.

कोमुनिदादीच्या जमिनीवरची जुनी घरं नियमित करण्यासाठी २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संहितेत दुरुस्ती झाली. ती बरोबर की चूक यावर गांवकार आणि सरकार भांडत राहतील, मी त्यात पडत नाही. मला त्यातून एवढंच दिसलं की १९६१ ची संहिता सुद्धा एका अधिवेशनात बदलता येते, मनात आलं तर.

शेताचं काय झालं ते राहिलंच. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा कोरगुट पेरला. खार सोसणारं ते एकच बी घरात शिल्लक होतं, आईने मडक्यात राखेत ठेवलेलं. पहिल्या दोन पावसांचं पाणी शेतात साचू दिलं आणि ओहोटीला सोडून दिलं, तसा खार थोडा उतरला. पीक अर्धं आलं. पलीकडचे दोघे मात्र परतले नाहीत. त्यांच्या शेतात आता बगळे उभे असतात, आणि फोटो काढायला येणाऱ्या पाहुण्यांना ते दृश्य फार आवडतं.

आमच्या मानशीची पुढची पावणी जवळ आली आहे. करारनाम्याचा जुना नमुना मी या पत्रासोबत जोडला आहे. त्यात आठ अटी आहेत आणि आठही पैशांच्या आहेत. खाली नऊ हा आकडा घालून मी पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे: "भरतीच्या वेळी दार उचलता येणार नाही." ती शाईने लिहायची की नाही, एवढं पावणीच्या आधी कळवावं.

आपला,
तिसवाडीतला एक कूळ