रॉबिन्सच्या नावावर खपवलेली सात विद्यापीठं

प्रिय दिनू,

बरेच दिवस पत्र नाही, हव्या तेवढ्या शिव्या घाल. तब्येत ठीक, गोळ्या चालू.

हातात एका कोशाची मुद्रितं आहेत. ब्रिटनवरची नोंद म्हणते, १९६३च्या रॉबिन्स अहवालामुळे (उच्च शिक्षणावरच्या सरकारी समितीचा तो) ससेक्स, यॉर्क, ईस्ट अँग्लिया, एसेक्स, लँकेस्टर, केंट आणि वॉरिक ही विद्यापीठं निघाली. हे दुखणं तुझ्याशिवाय कुणाला सांगू? अहवाल आला ऑक्टोबरमध्ये. सातही विद्यापीठं १९६१ संपायच्या आत मंजूर झालेली, ससेक्सला तर तास सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. रॉबिन्सच्या शिफारशीतून कोऱ्या जमिनीवर उभं राहिलं ते एकटं स्टर्लिंग, १९६७ साली.

संपादक म्हणतात, काय फरक पडतो? अरे, कारणच बदलतं! हिशेब विद्यापीठांना सरकारी पैसा वाटणाऱ्या अनुदान समितीने आधीच मांडला होता: युद्धानंतर जन्मलेली पोरं साठीच्या दशकाच्या मध्यावर अठराची होणार, शिवाय शाळेत शेवटपर्यंत टिकणारी मुलंही वाढत होती. जागा मात्र स्थानिकांनी द्यायची, किमान २०० एकर. एवढा सलग तुकडा भर शहरात कुठून आणणार? म्हणून बहुतेक सगळी गावाबाहेर गेली. मग मुलं राहणार कुठे? वसतिगृहं एका दमात उभी राहत नाहीत. तिथे समुद्रकाठ कामी आला. उन्हाळी पाहुण्यांच्या खोल्या हिवाळ्यात ओस असतात आणि विद्यापीठाचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून मुलं तिथे भाड्याने राहिली. ससेक्सला ब्रायटन, लँकेस्टरला मोरकम. हा मजकूर घातला, तर संपादकांनी शेरा मारला: 'लॉजचा उल्लेख कोशाला शोभत नाही.'

आणि 'या सातांच्या आधी कील विद्यापीठ होतंच की' म्हणून भांडू नकोस. १९५०ला सुरू झालं, लंडन विद्यापीठाच्या पदवीच्या दावणीला न बांधता स्वतःची बी.ए. देऊ लागलं, सगळं कबूल. पण डोक्यावर ऑक्सफर्ड, मँचेस्टर, बर्मिंगहॅमची देखरेख होती, आणि विद्यापीठ हे नाव मिळालं १९६२ला. या सातांना सनदेबरोबरच पदवीचा अधिकार मिळाला. दर्जा सांभाळायला बाहेरच्या प्राध्यापकांची नियोजन समिती. तुझ्या लाडक्या वॉरिकच्या भिंतींवरून पांढऱ्या फरशा गळून पडल्या, तेही नोंदीत घालणार आहे. सूड म्हण हवं तर.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पोरीचं पुण्यात बस्तान बसलं का? नंतर सविस्तर लिही.

मुद्रितं शुक्रवारी परत द्यायची आहेत. ससेक्सला १९५८ला मंजुरी मिळाल्याचं तुझ्या वहीतलं टिपण फोटो काढून आजच पाठव, पानाच्या क्रमांकासकट.

तुझा,
बाळ्या