मोजे घातलेला हात आणि केबिनचे दार

महोदय,

रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांना संरक्षक किट वाटल्याची कालची बातमी वाचली. किट किती वाटले ते दोनदा छापले आहे, पण ते काढायचे कसे याबद्दल एक ओळ नाही. सोबतच्या छायाचित्रातला कर्मचारी तर रुग्णाला उतरवल्यावर हातमोजे तसेच ठेवून चालकाच्या केबिनचे दार उघडतो आहे. त्याच मुठीला, स्टिअरिंगला आणि वायरलेसच्या माइकला पुढे दिवसभर उघडे हात लागणार.

किट काढताना बाहेरची बाजू माखलेली असते, म्हणून घाई तिथेच नडते. आधी हातमोजे. पहिला मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा सोलायचा, दुसऱ्यात उघडे बोट आतून सरकवायचे. मग गॉगल मागच्या पट्ट्याला धरून, आणि गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत. एन-९५ मास्क सर्वांत शेवटी आणि गाडीबाहेर, आधी खालचा पट्टा, मग वरचा. पुढच्या भागाला बोट लावायचे नाही. मध्ये हाताला काही लागले तर तिथेच हँडरब (हातावर चोळायचे जंतुनाशक), शेवटी पुन्हा, २० ते ३० सेकंद चोळून. हात दिसण्याइतके माखले असतील तर साबण-पाणीच हवे. चालकाने रुग्ण चढवल्यावर गाऊन-मोजे उतरवून, हात स्वच्छ करूनच केबिनमध्ये बसावे. केबिन आणि रुग्णाची जागा यांच्यामधली भिंत हवाबंद नसेल तर मास्क मात्र तोंडावरच राहू द्यावा. आणि दाढीवर एन-९५ घट्ट बसत नाही, हे वाटप करणाऱ्यांना कोणी सांगितले का?

बातमीत ‘फवारणी करून गाडी निर्जंतुक केली’ असेही आहे. रक्तावर फवारा मारला की शिंतोडे उडतात, शिवाय रक्तात फवाऱ्यातले क्लोरीन निकामी होते. आधी शोषक कागदाने रक्त टिपून जागा डिटर्जंटने धुवायची, मग १ टक्का हायपोक्लोराइट (क्लोरीनचे जंतुनाशक द्रावण) १० मिनिटे ओले ठेवायचे. ४ टक्क्यांची बाटली असेल तर १ भाग द्रावण, ३ भाग पाणी, आणि रोज ताजे. धातूवर ते गंज चढवते, म्हणून शेवटी साध्या पाण्याचे फडके. स्ट्रेचरचे नायलॉनचे पट्टे, रक्तदाबाचा पट्टा आणि मॉनिटरच्या वायरी या पुसण्यातून हमखास सुटतात.

आणखी एक. त्याच छायाचित्रात स्ट्रेचरवरच्या रुग्णाचा चेहरा स्पष्ट दिसतो. त्याची परवानगी घेतली होती का? आणि श्वास घेता येत असेल तर पहिला साधा मास्क त्याच्या तोंडावर हवा होता.

– एक वाचक