मिडी कीबोर्ड निवडताना

महोदय,

घरच्या घरी संगीतनिर्मिती करू पाहणारी नागपुरातील मुले सीताबर्डीच्या दुकानांत मिडी कीबोर्डची चौकशी करतात, तेव्हा त्याला स्वतःचा आवाज नसतो, कोणती पट्टी किती जोराने दाबली एवढेच तो संगणकाला कळवतो, हे त्यांना आधी सांगायला हवे. हा जोर १ ते १२७ या आकड्यांत नोंदला जातो; म्हणून झगमगती बटणे पाहून भुलण्यापेक्षा तो संगणकाला जोडून, अगदी हलक्या बोटाने पट्टी दाबून स्वर तितकाच हळुवार उमटतो का, हे दुकानातच तपासावे. २५ पट्ट्यांत जेमतेम दोन सप्तके मिळतात. पेटीवर बसलेला हात त्यात अडखळतो. अशांनी जागा असल्यास ४९ पट्ट्यांचाच घ्यावा. मींड घेण्यासाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाण्यासाठी, स्वर वरखाली सरकवणारे पिच बेंडचे चाक तर हवेच.

– एक संगीतशिक्षक, धरमपेठ, नागपूर