चौथीच्या वर्गाचा निकाल पालकांना कधी दिसणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात टक्केवारीची पानेच्या पाने येतात. पुणे विभाग किती, त्यात सोलापूर जिल्हा किती, कोणता तालुका पुढे, कुठल्या शाळेने शंभर टक्के गाठले. पण दहावीपर्यंत जायची असलेली मुले तिसरी-चौथीत नीट वाचतात का, हातच्याची वजाबाकी करतात का, याचा एका शाळेचाही आकडा मी आजवर ना आपल्या पेपरात पाहिला, ना शाळेच्या फलकावर. आकडा नसतो असे नाही. तो वर्षातून दोन-तीनदा तयार होतो आणि सरळ पुण्याला जातो.

अक्कलकोट रोडच्या बाजूला माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे यंत्रमाग कामगार, विड्या करणाऱ्या बाया, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाणाऱ्या मुली, आणि शिक्षक. शिक्षक तर वर्षभर. त्यामुळे शाळेचा कागद शाळेत लागण्याआधी बहुतेक वेळा माझ्या काचेवरून जातो.

आरटीईच्या पंचवीस टक्क्यांचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या जागांचे, फॉर्म सुरू झाले की दुकानात उभे राहायला जागा नसते. नकाशावर घराचा फुगा टेकवायचा, मग एक किलोमीटरच्या आतल्या आणि त्यापुढे तीन किलोमीटरपर्यंतच्या शाळा दिसतात, त्यातल्या दहापर्यंत निवडायच्या. प्रत्येक आई एकच प्रश्न विचारते, "दादा, यातली चांगली कुठली?" मी काय सांगणार? स्क्रीनवर अंतर आहे, जागा किती ते आहे. तिथल्या तिसरीच्या पोरांना वाचता येते का, ते नाही. मग जिची पिवळी बस गल्लीत येते, ती शाळा पहिल्या नंबरला टाकली जाते. महापालिकेच्या आणि झेडपीच्या शाळांचे तरी काय वेगळे आहे? पाडवा जवळ आला की 'गुढीपाडवा, पट वाढवा'चे फ्लेक्स मीच डिझाइन करून देतो. त्यावर डिजिटल वर्ग, मोफत पुस्तके, मोफत गणवेश, पोषण आहार सगळे असते. मुले काय शिकली, ती ओळ टाकायला मला आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही.

कोणी म्हणेल, सरकारी पोर्टलवर सगळे आहे की. यू-डायसच्या, म्हणजे देशातल्या सगळ्या शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलवर शाळा शोधून पाहा. वर्गखोल्या किती, संडास किती आणि त्यातले चालू किती, हात धुवायला नळ आहे का, रॅम्प आहे का, ग्रंथालयात पुस्तके किती, शिक्षक किती, कुठल्या वर्गात किती पोरे. चांगली माहिती आहे, ती उघडी आहे याचा आनंदच आहे. पण ग्रंथालयात किती पुस्तके आहेत हे कळते आणि ती वाचू शकणारी मुले किती हे कळत नाही, ही काय तऱ्हा?

मुले किती शिकली ते पाहणारे केंद्र सरकारचे 'परख' सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला झाले, तिसरी, सहावी आणि नववीचे. ते निवडक शाळांतून होते आणि अहवाल जिल्ह्याचा येतो. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीवाले घरोघरी जाऊन पोरांना गोष्ट वाचायला देतात, भागाकार घालतात. जिल्ह्यातली तीस गावे, गावात वीस घरे. काम प्रामाणिक आहे, पण ते ग्रामीण भागाचे. आमचा शहराचा पूर्व भाग, विडी घरकुल, नीलम नगर त्यात येतच नाही. आणि जिल्ह्याचा एक आकडा घेऊन सोलापूरच्या माणसाने करायचे काय? इथे मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू, इंग्रजी एवढ्या माध्यमांच्या शाळा. अक्कलकोटच्या सीमेवरची कन्नड शाळा आणि अकलूजजवळची मराठी शाळा यांची सरासरी काढून माझ्या गल्लीतल्या शाळेबद्दल काहीच कळत नाही.

प्रत्येक शाळेचा आकडा देणारी चाचणी मात्र आहे. राज्याची नियतकालिक मूल्यांकन चाचणी, तीच जिला शिक्षक 'पॅट' म्हणतात. आधी पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. भाषा, गणित, इंग्रजी. पेपर वरून छापून येतात, शिक्षक तपासतात आणि एकेका मुलाचे गुण मोबाईलवरच्या चॅटबॉटमध्ये भरतात. ते पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रात, म्हणजे शाळांचे आकडे गोळा करणाऱ्या सरकारी केंद्रात, जमा होतात. संध्याकाळी सहा-सातला नेट चालेना म्हणून एखादे गुरुजी माझ्या वायफायवर बसून गुण भरतात, तेव्हा मी समोर चहा ठेवतो. म्हणजे आकडा माझ्या दुकानातून जातो. परत कधी येत नाही.

पालकाच्या हातात येते ते प्रगतिपुस्तक. त्यात अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी आणि शेजारी वर्णनात्मक नोंदी. या नोंदींचे तयार पीडीएफ माझ्या कॉम्प्युटरवर आहेत, विषयवार, इयत्तावार. 'कविता तालासुरात म्हणतो.' 'परिसरातील घटकांची माहिती सांगतो.' 'गणितातील उदाहरणे सोडवताना आत्मविश्वास वाढला आहे.' एप्रिलमध्ये प्रिंट काढतो, शिक्षक त्यातल्या उतरवून घेतात. मी त्यांना दोष देत नाही; एका वर्गाला आठ-दहा विषय, प्रत्येक मुलाला वेगळी नोंद, वर बीएलओचे, म्हणजे मतदार यादीचे काम, वर पोषण आहाराचा हिशोब. पण त्या नोंदीतून आईबापाला काय कळणार?

मागे एक बाई उत्पन्नाच्या दाखल्याला आल्या होत्या, बरोबर पाचवीतला पोरगा. मी स्कॅन करेपर्यंत पोरगा अर्ज हातात घेऊन वाचायला लागला. "उ... त... प..." आणि थांबला. पुढच्या जोडाक्षराला तो हात घालेना. खालच्या ओळीत 'तहसील कार्यालय' होते, तिथेही तेच. पोरगा चुणचुणीत, काउंटरवरच्या सुट्ट्या पैशांचा हिशोब त्याने माझ्या आधी केला. प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स हवी होती म्हणून ते मी पाहिले. भाषेत ब-१. म्हणजे शंभरात एकाहत्तर ते ऐंशी. आई म्हणाली, "पास होतोय की दादा दरवर्षी."

आता २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. त्यात आणि फेरपरीक्षेतही पोरगा पास झाला नाही, तर त्याला त्याच वर्गात ठेवतात. म्हणजे पहिली ते चौथी आईबापाला काही सांगायचे नाही, आणि पाचवीत एकदम सांगायचे की बस खाली. हा कुठला न्याय?

मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे आणि शाळेचा विकास आराखडा करणे ही तिची कायद्यातली कामे. बैठकीत काय होते? तांदूळ आला का, कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी, पंधरा ऑगस्टला खाऊ काय. प्रोसिडिंगच्या वहीवर सह्या. मी विचारले, संकलित चाचणीत आपली चौथी कशी आहे? उत्तर मिळाले, "सगळे ऑनलाइन भरलेय." भरलेय ते ठाऊक आहे हो, माझ्याच वायफायवरून भरलेय!

शेवटी एका कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. मुलांची नावे नकोत हे अधोरेखित करून लिहिले. मागितले एवढेच, की आमच्या वॉर्डातल्या शाळांत तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक वर्गात चाचणीला किती मुले बसली आणि कोणत्या गुणगटात किती. उत्तर आले, माहिती विद्यार्थ्यांची वैयक्तिक असल्याने कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही. तीस पोरांच्या वर्गात अकरा जणांना गणितात निम्म्याहून कमी, असे नुसते सांगितले तर त्यात कोणाचे वैयक्तिक बाहेर आले? आणि नावे असलीच तर ती वगळून बाकीचे द्यायची सोय त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. वीस रुपयांचे तिकीट लावून अपील केले आहे. पण खरा मुद्दा असा, की मला अर्ज करायची वेळच का यावी? कलम ४ म्हणते, माहिती मागायच्या आधी आपणहून मांडा. २००५ चा कायदा आहे, कालचा नाही.

आकडे उघडे करण्याला शिक्षकांचा विरोध असतो, आणि त्यातले बरेचसे मला पटते. माझा मावसभाऊ नोकरीसाठी इंग्लंडला आहे. तिथे अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा होते आणि प्रत्येक शाळेचा निकाल सरकारच्या साइटवर कोणालाही दिसतो. २०२५ ला वाचन, लेखन आणि गणित तिन्हींत अपेक्षित पातळी गाठणारी मुले देशभरात ६२ टक्के होती. भाऊ घर शोधत होता तेव्हा आधी शाळेचा आकडा पाहायचा, मग भाडे. जिथे आकडा चांगला तिथे घरे महाग, हे तिथले उघड गुपित. वर्तमानपत्रे याद्या लावतात, कोण पहिले कोण शेवटचे. आपल्याकडे हे होऊ नये. विडी कामगारांच्या वस्तीतली शाळा आणि विजापूर रोडवरच्या बंगल्यांमधली शाळा एका यादीत वरखाली लावणे म्हणजे गुरुजींच्या नव्हे, आईबापांच्या पगाराची यादी लावणे झाले. आमच्या शाळेत निम्मी पोरे घरी तेलुगू बोलतात, त्यांना मराठीचा पेपर 'प्रथम भाषा' म्हणून असतो. ऊस तोडायला आलेल्या कुटुंबांची पोरे जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास येतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचे गाळप संपले, की जातात. एका चाचणीला असतात, दुसरीला नसतात. हे आकड्याच्या शेजारी लिहिलेच पाहिजे. मागच्या वर्षी हाच वर्ग कुठे होता, तेही. आणि ज्या वर्गात पाच-सात पोरे आहेत, तिथे आकडा म्हणजे पोराचे नावच. अशा शाळांचे तीन वर्षांचे एकत्र मांडावे.

दुसरा आक्षेप असा, की फलकावर लावायचे म्हटले की शिक्षक गुण फुगवतील. एका गुरुजींनीच मला मोकळेपणाने सांगितले, "खरे भरले तर वरून विचारणा, जास्त भरले तर कोण विचारतेय?" म्हणजे फुगवणे आजही आहे, कारण आकडा पाहणारा फक्त वरचा आहे आणि त्याने त्या पोराला कधी पाहिलेले नाही. फलकावर 'चौथीतली तीसपैकी सव्वीस मुले गोष्ट वाचतात' असे लागले, तर संध्याकाळी बाप पोरापुढे पेपर धरून बघेल. ती तपासणी कुठल्या पथकाला जमणार नाही.

चांगल्या शिक्षकांना तर याची गरज जास्त आहे. परितेवाडीच्या झेडपी शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज घेऊन आले, तेव्हा माढा तालुका जगाला कळला. पण एकाच खोलीत दोन वर्ग सांभाळून पोरांना वाचते करणारे गुरुजी आणि बाई या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे दाखवायला काय आहे? पटसंख्या कमी झाली की शाळेवर बोट ठेवतात, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणारा आकडा पुण्यात कुलूपबंद असतो.

अजून एक, आणि यावर कोणी बोलत नाही. 'पॅट' शासकीय आणि अनुदानित शाळांची असते. विनाअनुदानित इंग्रजी शाळा त्यात नाहीत. फक्त महापालिकेचे आणि झेडपीचे आकडे भिंतीवर लागले, तर बदनामी तेवढ्यांचीच होईल आणि ज्यांचा आकडाच नाही त्या शाळा टाय-बूट घालून उजळ माथ्याने फिरतील. पंचवीस टक्क्यांची मुले सरकारच्या पैशांवर त्यांच्याकडे जातात. निदान पाचवीचा वार्षिक निकाल वर्गवार मांडायची सक्ती त्यांनाही हवी.

महापालिका आयुक्त आणि झेडपीचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांना आपल्या पत्रातून एवढेच सांगायचे आहे, की यासाठी नवे सर्वेक्षण नको, नवे अॅप तर अजिबात नको, शिक्षकांचे मोबाईल आधीच भरलेत. संकलित चाचणीचे गुण भरून झाले की मुख्याध्यापकांनी प्रत्येक वर्गाची एक ओळ शाळेच्या दर्शनी फलकावर लावावी: पट, चाचणीला बसलेली मुले, भाषेत किती मुले कुठल्या गटात, गणितात किती, शिक्षकांच्या जागा मंजूर किती आणि भरलेल्या किती. त्याच महिन्यात ती ओळ व्यवस्थापन समितीपुढे वाचून दाखवावी, मराठीत आणि जिथे गरज तिथे तेलुगू, कन्नड, उर्दूत. नाव एकाही पोराचे नको. आमच्या वॉर्डातल्या शाळांना पहिल्या वर्षीच्या प्रिंट मी दुकानातून फुकट काढून देतो, लॅमिनेशनसकट. मुख्याध्यापकांनी फक्त आकडे आणावेत.

आपला वाचक,
एक पालक, अक्कलकोट रोड परिसर, सोलापूर

(नाव आणि पत्ता सोबतच्या कागदावर दिला आहे, कृपया छापू नये. मुलगी अजून त्याच शाळेत आहे.)