सांडपाणी केंद्र बांधायला पैसे मिळतील, चालवायला कोण देणार?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सोलापूरच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या सुधारणेचा विषय निघाला की बोलणे एकाच ठिकाणी घुटमळते: केंद्र सरकार किती कोटी देणार, राज्य किती देणार. बांधकामाचे पैसे आज ना उद्या येतील. फीत कापली गेल्यावर दर महिन्याला येणारे लाइट बिल कोण भरणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेल-चादरीचे सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी केली. शेवटची काही वर्षे तिथला ईटीपी, म्हणजे रंगाचे पाणी शुद्ध करायची यंत्रणा, माझ्या ताब्यात होती. यंत्रणा झकास, अनुदानातून बसवलेली. रोज सकाळी टाकीतले पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात घ्यायचे आणि अर्धा तास हात लावायचा नाही. टाकीतले घाण खाणारे जिवाणू धडधाकट असले की तपकिरी गाळ खाली बसतो, वर निवळ पाणी राहते. मग धंद्यात मंदी आली. मालक म्हणाले, "रात्रीचा ब्लोअर (टाकीत हवा मारणारे यंत्र) बंद ठेवा, बिल परवडत नाही." आठवडाही गेला नाही, तोच गाळ काळा पडून वर तरंगायला लागला. एरवी टाकीपाशी ओल्या मातीसारखा वास यायचा, तिथे नासक्या अंड्यांची दुर्गंधी सुटली. या जिवाणूंना चोवीस तास हवा लागते आणि हवा मारायला वीज. मशिनरी शाबूत, फायलीतले कागद शाबूत, पाणी मात्र आले तसे बाहेर जात होते.

शहराच्या सांडपाणी केंद्रात याहून वेगळे काही घडत नाही, फक्त आकडे मोठे. देगावचे केंद्र ७५ एमएलडीचे, म्हणजे रोज साडेसात कोटी लिटरचे. प्रतापनगर १५ आणि कुमठे साडेबारा एमएलडीचे. त्यात राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये निकष आवळले. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार आपल्यासारख्या शहराला बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम बीओडी (पाण्यात उरलेल्या घाणीचे माप) चालत होता, लवादाने तो १० वर आणायला सांगितले. हे गाठायचे तर हवा जास्त, फिल्टर जास्त, देखभाल जास्त. सुधारणा म्हणजे वाढीव बिलही आलेच.

आता अनुदानाचे नियम पाहा. केंद्र सरकारच्या अमृत २.० या शहरांच्या पाणी-सांडपाणी योजनेत एक ते दहा लाख वस्तीच्या शहरांना केंद्राचा वाटा एक तृतीयांश. २०११ च्या जनगणनेत आपण ९,५१,५५८ होतो, म्हणून या गटात बसलो. शंभर कोटींच्या कामाला केंद्राचे तेहतीस, बाकीचे राज्य आणि महापालिका मिळून. तेही एकरकमी नाहीत, २०, ४०, ४० टक्के अशा तीन हप्त्यांत. आणि चालवण्याचा खर्च या अनुदानात धरलेलाच नाही. तो शहराने स्वतः उभा करायचा.

मिळकत कर वाढवून तो उभा करा, असे म्हणणाऱ्यांनी एकदा विडी कामगारांच्या वस्तीत येऊन तसे म्हणून दाखवावे. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या माणसाकडून गटारासाठी जादा पैसे मागायला तोंड लागते.

शुद्ध केलेल्या पाण्याचे खरे गिऱ्हाईक दुसरीकडे आहे. शहरापासून थोड्याच अंतरावर एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे आणि तो उजनी धरणाचे पाणी वापरतो. केंद्र सरकारच्या जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणात स्पष्ट म्हटले आहे की, सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांनी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरलेच पाहिजे, आणि त्याचा खर्च वीजदरात धरायची मुभाही आहे. नागपूरचे असे पाणी महानिर्मितीच्या कोराडी प्रकल्पाला जाते आणि महापालिकेला त्याचे पैसे मिळतात. हजार लिटरला समजा पाच रुपये धरले, तर ५० एमएलडीचे दिवसाला अडीच लाख, वर्षाला नऊ कोटींच्या वर होतात. दर हा माझा अंदाज, पण गुणाकार कोणीही करून पाहावा. शिवाय तेवढे उजनीचे पाणी वाचले तर ते मागायला आपल्याला तोंड राहील.

असा पक्का करार हातात असला की कर्जही मिळते. गाझियाबाद महापालिकेने २०२१ मध्ये याच कामासाठी १५० कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले, ८.१ टक्के व्याजाने. शुद्ध केलेले पाणी साहिबाबादच्या कारखान्यांना विकायचे, हा त्यामागचा हिशेब. आपल्या महापालिकेला रोखे झेपतील का, याबद्दल मला शंका आहे. आधी वसुली सुधारावी लागेल. पण बँकेच्या दारातसुद्धा "पाणी कोण घेणार" हा कागद लागणारच.

एक अडचण मला दिसते. सांडपाणी केंद्राच्या खालच्या अंगाला मोटारी लावून हेच पाणी उचलणारे शेतकरी आहेत. सगळे पाणी प्रकल्पाला दिले तर त्यांच्या उसाचे काय? त्यांचा वाटा करारात आधीच राखून ठेवावा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात पाइपलाइन फुटलेली दिसेल. आणि उरलेले पाणी ज्या सीना नदीत जाते, ती पुढे हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. उजनीत घाण सोडली म्हणून आपण पुणेकरांच्या नावाने बोटे मोडतो, कुडलच्या खालची गावे आपल्याबद्दल काय बोलत असतील?

माझी मागणी एवढीच. सुधारणेची निविदा काढण्याआधी पाणी घेणाऱ्याशी करार करावा. त्या पाण्याचे पैसे महापालिकेच्या सामायिक तिजोरीत न टाकता स्वतंत्र खात्यात ठेवावेत आणि त्यातून पहिल्यांदा वीजबिल, मग गाळ काढणे आणि दुरुस्ती, मग कर्जाचा हप्ता, असा क्रम ठरावातच लिहावा. ठेकेदाराचे बिलही बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी तपासूनच निघावे, आणि नमुना ठेकेदाराच्या माणसाने घेऊ नये. तो नमुना कसा "घेतात", हे मी पाहिलेले आहे.

आपला,
एक निवृत्त ईटीपी पर्यवेक्षक,
विडी घरकुल, सोलापूर